कपाटातील कॅसेट आणि तिची अनुक्रमणिका

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा माझा विषय ऐकून काही पालकांना नवल वाटले असेल. शैक्षणिक मेळाव्यात परीक्षा आणि शिष्यवृत्ती सोडून हा गृहस्थ घरच्या व्हिडिओ कॅसेटींविषयी का बोलतो, असे मनात येणे स्वाभाविक आहे. पण आज घरी गेल्यावर कपाटाचा वरचा कप्पा उघडून पहा. पुष्कळ घरांत तेथे, जुन्या रजईमागे किंवा लग्नाच्या अल्बमखाली, दोन-चार काळ्या कॅसेटी पडलेल्या सापडतील. एखादीवर "शादी" एवढेच लिहिलेले असेल. कोणाची, कोठे, कोणत्या साली, काही नाही. त्या कॅसेटीत आपली दादी चालते-बोलते आहे, आणि ती पाहण्याचे यंत्र मात्र आता घरात नाही.

आपल्याकडे रंगीत दूरदर्शन १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी आले आणि त्यानंतर व्हीसीआरचा बोलबाला झाला. त्या दशकात आणि पुढच्या दशकात निकाह, अकीका, हजला निघालेल्यांचा निरोप, शाळेचे स्नेहसंमेलन यांचे शूटिंग करण्याची रीत शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. त्यापूर्वीच्या पिढ्यांचे फार तर एखादे छायाचित्र आपल्यापाशी आहे. ज्यांची बोलण्याची ढब आणि हसणे आपणांस पुन्हा ऐकता येते, अशी आपल्या घराण्यांतील पहिली माणसे म्हणजे या कॅसेटींतील माणसे होत.

ही कॅसेट टिकाऊ वस्तू नव्हे. प्लास्टिकच्या पातळ फितीवर लोहचुंबकीय भुकटीचा थर आणि तो धरून ठेवणारा चिकट पदार्थ, एवढीच तिची रचना. आपल्या गोंदिया जिल्ह्यात धान पिकते याचाच अर्थ येथे पाऊस भरपूर आहे, आणि उन्हाळा कसा असतो हे मी सांगायला नको. ओल आणि उष्णता ही फितीची दोन वैरिणी. एकीने बुरशी धरते, दुसरीने चिकट थर सुटू लागतो. त्यात यंत्रेही संपत चालली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरची निर्मिती थांबवली आणि जगात ते करणारे कोणी उरले नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता की, २०२५ पर्यंत ज्या चुंबकीय फितींची संगणकीय प्रत झाली नसेल, त्यांतील बहुतेक कायमच्या गमवाव्या लागतील. ते वर्ष उलटून गेले. वेळ अगदीच संपली असे मात्र नाही. चालू स्थितीतील जुना व्हीसीआर अजून ओळखीपाळखीने मिळतो, आणि जी कॅसेट आज फिरते तिची प्रत आजही निघते.

तेव्हा काम काय, ते आता सांगतो.

प्रथम आपल्याकडे कोणत्या जातीची कॅसेट आहे ते ओळखा. पुस्तकाएवढी मोठी ती व्हीएचएस. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी ती मिनीडीव्ही. ही १९९५ च्या सुमारास आली आणि आपल्याकडे पुढच्या दशकात रुळली. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, २००३ पासून एचडीव्ही नावाची उच्च दर्जाची पद्धत याच लहान कॅसेटीवर चित्रण करू लागली. म्हणून कॅसेटीच्या आकारावरून आतील चित्राचा दर्जा सांगता येत नाही. ज्या कॅमेऱ्याने शूटिंग झाले तो पहावा लागतो. २००६ पासून एव्हीसीएचडी आली आणि कॅमेऱ्यातून फीत जाऊन कार्ड आले.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. व्हीएचएसच्या चित्रात जेमतेम २४० रेघांइतका बारकावा असतो. उच्च दर्जाचे चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. "तुमची जुनी कॅसेट एचडी करून देतो" असे म्हणून कोणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. पातळ ताक मोठ्या हंड्यात ओतले म्हणून त्याचे दही होत नाही. संगणक ठिपके वाढवील, चेहरा गुळगुळीत करील, पण दादीच्या कपाळावरची जी सुरकुती फितीवर उतरलीच नाही ती आणील कोठून? आणि आणलीच तर ती दादीची नसेल.

मग ब्ल्यू-रे तबकडीचा आपणांस उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो दोन प्रकारचा आहे. एचडीव्ही किंवा एव्हीसीएचडीचे चित्रण डीव्हीडीवर घातले तर ते ७२० बाय ५७६ ठिपक्यांवर उतरते, म्हणजे निम्म्याहून कितीतरी अधिक बारकावा आपण होऊन फेकून द्यायचा. ब्ल्यू-रेवर ते आहे तसे राहते. आणि जुन्या व्हीएचएसच्या बाबतीत उपयोग जागेचा. हिशेब विद्यार्थ्यांनी करून पहावा. तबकडीत २५ गिगाबाइट जागा, एका बाइटमध्ये ८ बिट. उच्च दर्जाच्या चित्राला सेकंदाला २५ मेगाबिट दिले तर ८००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तासांच्या आतबाहेर. पण व्हीएचएसच्या चित्राला सेकंदाला ५ मेगाबिट पुरेसे होतात. तेवढ्याच तबकडीत आवाज धरूनही नऊ-दहा तास मावतात. एका घराण्याची सगळी लग्ने एका तबकडीत! गणिताच्या तासाला हे उदाहरण का घेऊ नये, असा प्रश्न मी शिक्षक मित्रांना विचारतो.

कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी झडप उचलून फीत पहावी. पांढरट ठिपके किंवा जाळे दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घालू नये, कारण ती बुरशी यंत्राच्या हेडवर आणि तेथून पुढच्या कॅसेटीवर जाते. ती जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. चांगली असेल तर पाठीमागची लहान पट्टी मोडलेली आहे का ते पहा. नसेल तर मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घ्या, मगच प्रत काढा. एक तासाच्या कॅसेटीला एक तासच लागतो. मिनीडीव्ही असेल तर फायरवायरच्या तारेने घ्यावी, म्हणजे फितीवरील आकडे जसेच्या तसे येतात. तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. एव्हीसीएचडीच्या कार्डावरून मात्र सुट्या फायली उचलू नयेत, आख्खा फोल्डर उचलावा. लांब चित्रण कॅमेरा स्वतःच तुकडे करून ठेवतो आणि ते जोडण्याची माहिती त्या फोल्डरात असते.

चित्रात माणूस हलला की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात, त्याने घाबरून जाऊ नका. आपल्या पॅल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत घेतलेले असते. तबकडीसाठी ते तसेच ठेवावे, ती पद्धत तिला मान्य आहे. फोनवर पाहण्यासाठी वेगळी प्रत काढायची असेल तेव्हाच त्या रेघा मिटवाव्यात.

कापाकापी हे मोठ्या शहरातील स्टुडिओचे काम आहे असा ज्यांचा समज असेल, त्यांना मालेगावची आठवण करून देतो. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, गावातीलच माणसे घेऊन २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. पुढे त्या मंडळींवर २००८ मध्ये माहितीपट झाला आणि अलीकडे त्यांच्या धडपडीवर मोठ्या पडद्याचा चित्रपटही आला. आपणांस तर चित्रपट काढायचाच नाही. शूटिंगवाल्याने कॅमेरा बंद करायचे विसरून चित्रित केलेली जमीन आणि अर्धा तास चाललेली झुंबराची फुले, एवढे गाळायचे आहे. तेही दुसऱ्या प्रतीतून. मूळ फाइलीला हात लावायचा नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तबकडी यंत्रात घातली की पडद्यावर पहिल्याने जे पान येते त्याला मेनू म्हणतात. ती अनुक्रमणिका होय. नऊ तासांचे चित्रण अनुक्रमणिकेवाचून दिले तर ते कोणी पाहणार नाही, हे मी खात्रीने सांगतो. पण अनुक्रमणिका लिहायला बसल्यावर कळते की, आपल्याला नावेच ठाऊक नाहीत. दुसऱ्या रांगेत बसलेले ते पांढऱ्या दाढीचे गृहस्थ कोण? मेहंदीच्या वेळी गीत म्हणणारी ती आवाजाची धनीण कोण? हे संगणकाला विचारून उपयोग नाही. नानीला विचारले पाहिजे, फूफीला विचारले पाहिजे, आणि त्या आहेत तोवर विचारले पाहिजे. मुलांनो, वही-पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसा. फीत थांबवा, विचारा, मिनिट आणि सेकंद लिहा, समोर नाव लिहा. नात्याचे नावही लिहा, कारण "मुन्नी आपा" एका घरात तिघी असतात.

साल ठरवायलाही खुणा असतात. पडद्यावर छापून आलेल्या तारखेवर एकदम विश्वास ठेवू नये. कॅमेऱ्यातील घड्याळाची बॅटरी संपली की तो आपला १ जानेवारीच दाखवीत राहतो. त्यापेक्षा निकाहचे कार्ड पहावे. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, तेव्हा कार्डावर "जि. भंडारा" असेल तर चित्रण बहुधा त्यापूर्वीचे. बारात बालाघाटकडच्या छोट्या लाइनच्या गाडीतून उतरताना दिसली तर तीही मोठी खूण. ती गाडी आता इतिहासजमा झाली आहे. दुकानाची पाटी, मोटारीचा नंबर, मुलाचे त्या वेळचे वय, सगळे उपयोगी पडते. इतिहासाचा अभ्यास याहून निराळा काय असतो?

पान तयार करताना एका पानावर सहापेक्षा अधिक नावे घालू नयेत. अक्षरे एवढी मोठी असावीत की पलंगावर बसलेल्या दादाला चष्म्याने वाचता येतील. चारी बाजूंना थोडी जागा सोडावी, काही टीव्ही कडा कापतात. "भाग १, भाग २" असे लिहू नये. "रुखसत, आमगाव, १९९३" असे लिहावे. मेनूच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी जोडाक्षरे आणि उर्दूची जोडलेली अक्षरे पुष्कळदा तुटतात. म्हणून अख्खे पान चित्र म्हणून दुसरीकडे तयार करावे आणि येथे आणून फक्त बटणे बसवावीत. उर्दू पान असेल तर रिमोटचे बाण उजवीकडून डावीकडे चालतील असे ठेवावे. डीव्हीडीसाठी डीव्हीडी स्टायलर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. ब्ल्यू-रेच्या मेनूसाठी मल्टीएव्हीसीएचडी हे जुने पण फुकट आहे. ब्ल्यू-रे लिहिण्याचे यंत्र घरात नसेल तर साध्या डीव्हीडीवरही एव्हीसीएचडी पद्धतीने उच्च दर्जाचे सुमारे अर्धा तास चित्रण मावते. मात्र अशी तबकडी ब्ल्यू-रेच्याच यंत्रावर चालते, जुन्या डीव्हीडी प्लेअरवर नाही. आणि प्रत्येक ब्ल्यू-रे यंत्र ती स्वीकारीलच असे नसल्याने, आधी पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीवर करून पहावे.

एक नाजूक बाब. निकाहच्या कॅसेटीत बायकांच्या बाजूचे चित्रण असते. त्या माय-बहिणी घरच्या माणसांच्या भरवशावर कॅमेऱ्यापुढे बसल्या होत्या. ते चित्रण फोनवरून गावभर जाईल असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तेव्हा त्या भागाची तबकडी वेगळी करावी, ती त्या घरच्या स्त्रियांच्याच हवाली करावी, आणि कोणाला प्रत द्यायची ते त्यांना ठरवू द्यावे. शाळेच्या किंवा मोहल्ल्याच्या सामायिक संग्रहात जाणाऱ्या तबकडीत तो भाग घालू नये. जी स्त्री नको म्हणेल तिला कारण विचारू नये.

"आता तबकड्याच बंद होत आहेत, मग हा खटाटोप कशाला?" असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे आणि मिनीडीव्ही कॅसेटींचे उत्पादन थांबवले. नव्या लॅपटॉपला तबकडीची फटच नसते. म्हणून मूळ फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात, आणि मेनूतील नावांची यादी साध्या कागदावरही लिहून ठेवावी. पण तबकडी ही पुरी झालेली वस्तू आहे. तिला इंटरनेट लागत नाही आणि ती चुकून पुसली जात नाही. फोनमधले पाच हजार व्हिडिओ दादीला पाहता येत नाहीत. रिमोटचे एक बटण दाबून आपल्या बहिणीची रुखसत मात्र तिला पाहता येते.

तबकडी सावकाश गतीने लिहावी आणि लिहून झाल्यावर पूर्ण तपासावी. तिच्यावर कागद चिकटवू नये, पाण्याच्या शाईच्या पेनाने मधल्या कड्याजवळ लिहावे. उभी ठेवावी, उन्हापासून दूर. आणि कॅसेट, प्रत निघाली तरी, फेकू नये.

सुट्टी लागते आहे. ज्या मुलांच्या घरी संगणक आहे त्यांनी दोन-तीन मिळून एकेक घर घ्यावे. सुरुवात ज्या घरात सर्वांत वृद्ध माणूस आहे तेथून करावी.