रॅपर पुढे, पण मागे कोण?



सकाळच्या सत्रात तुमच्यापैकी काहींनी सुचवलं, की आपल्या मतदार नोंदणी मोहिमेचं नेतृत्व एखाद्या रॅपरकडे द्यावं. टाळ्या जोरात पडल्या. मागच्या रांगेतल्या दोन बुजुर्गांनी एकमेकांकडे कसं पाहिलं, तेही मी बघितलं. त्यांचा आक्षेप बहुधा गाण्यालाच असेल, त्यात मी आज शिरत नाही. माझी अडचण वेगळी आहे. मी हिप-हॉप ऐकतच इंजिनिअरिंग केलं, म्हणून हा प्रस्ताव मला मनापासून आवडला. आणि आवडला म्हणूनच तो तपासून बघावासा वाटला.

सेनेगलपासून सुरुवात करतो. पश्चिम आफ्रिकेतला देश, बहुसंख्य लोक मुसलमान. २००० साली तिथल्या रॅपरांनी तरुणांना मतदानाला बाहेर काढलं. चाळीस वर्षं सत्तेत असलेला पक्ष हरला आणि अब्दुलाय वाद अध्यक्ष झाले. रॅपर आपापल्या स्टुडिओत परत गेले. दहा वर्षांनी हेच वाद खुर्ची सोडायला तयार नव्हते, आणि राजधानी डाकारमध्ये तासन्‌तास वीज नसायची.

जानेवारी २०११ मध्ये, याच वीजटंचाईच्या दिवसांत, 'कर गी' या गटाचे थियात आणि किलिफ हे दोन रॅपर आणि फादेल बारो हे पत्रकार एकत्र बसले आणि त्यांनी 'यां आ मार' नावाची चळवळ काढली. अर्थ साधारण असा, की आता पुरे झालं. या वेळी ते गाणं करून थांबले नाहीत, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. वस्तीवस्तीत स्थानिक गट बांधले. तरुणांनी मतदार यादीत नाव घालावं म्हणून मोहीम चालवली. त्याच वर्षी वाद यांनी पहिल्या फेरीत अवघ्या २५ टक्के मतांवर जिंकता येईल अशी घटनादुरुस्ती आणली. २३ जून २०११ ला लोक संसदेसमोर उतरले आणि त्याच दिवशी सरकारला ती मागे घ्यावी लागली. त्या गर्दीत विरोधी पक्ष होते, मानवाधिकार संघटना होत्या, सगळं श्रेय रॅपरांचं नाही. पण वस्त्यांमधली पोरं कोणी आणली, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मार्च २०१२ मध्ये वाद निवडणूक हरले.

मला त्याच्या पुढचा भाग जास्त आवडतो. नवे अध्यक्ष मॅकी साल आले आणि या मंडळींनी त्यांनाही सोडलं नाही. सात वर्षांचा कार्यकाळ पाच करू, स्वतःलाही लागू करू, हे वचन साल यांनी पाळलं नाही. २०१६ च्या सार्वमतात 'यां आ मार'ने विरोधात प्रचार केला आणि हरली. २००० मध्ये रॅपर जिंकून घरी गेले होते. २०१६ मध्ये हरूनही जागेवर राहिले. नेतृत्व म्हणायचं तर मी या दुसऱ्याला म्हणेन.

आता आपल्या देशातलं उदाहरण. जुलै २०१५ मध्ये चेन्नईच्या सोफिया अश्रफचं कोडाईकनालवरचं रॅप आलं. तिथल्या हिंदुस्थान युनिलिव्हरच्या थर्मामीटर कारखान्यातला पारा आणि आजारी पडलेले कामगार हा विषय. (मुसलमान घरातली मुलगी, सुरुवातीला हिजाब घालून रॅप करायची, तिला दोन्ही बाजूंनी काय काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना इथल्या मुलींना करून द्यायची गरज नाही.) लाखो लोकांनी व्हिडिओ पाहिला. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. व्हॉट्सअॅपवर ही गोष्ट 'एका गाण्याने कंपनी झुकली' अशी फिरते. कारखाना २००१ मध्येच बंद पडला होता, कारण स्थानिक लोकांनी आणि ग्रीनपीसने भंगारवाल्याकडे पडलेला पारामिश्रित काचेचा कचरा उघड केला होता. त्यानंतर माजी कामगारांची संघटना वर्षानुवर्षं कोर्टात लढत होती. गाण्याने शेवटचा जोरदार धक्का दिला. तो लागायला आधी कोणीतरी दगड अर्ध्यापर्यंत ढकलून ठेवावा लागतो.

आणि आपल्या भाषेत हा प्रश्न नवा कुठे आहे? बार्शीचे शाहीर अमर शेख, मूळ नाव मेहबूब पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजावर मैदानं भरायची. समितीच्या बैठका, जागावाटप, वाटाघाटी हे काम एस. एम. जोशी, डांगे, अत्रे यांच्याकडे. त्याने शाहिराचं मोल कमी झालं नाही. पण त्यांनाही डफ ठेवून समितीचा हिशेब लिहायला कोणी सांगितलं नाही, हेही खरं.

एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगसे आणि उमेश खाडे या मराठी रॅपरांवर त्यांच्या गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले, आठवत असेल. आपण ज्याला पुढे करू त्याच्यावर उद्या तसं झालं, आणि तो मुसलमान असेल, तर लाइक करणाऱ्यांपैकी किती जण जामिनाच्या दिवशी कोर्टात येतील? त्याच्या अम्मीला फोन कोण करेल? प्रस्ताव मांडणाऱ्यांनी आधी हे ठरवावं.

तर माझं मत असं. रॅपरला जरूर बोलवा. गाणं त्याचं, शब्द त्याचे, आपण त्यात हात घालायचा नाही. मोहिमेचं निमंत्रकपद मात्र त्याला त्याच अटीवर द्या, जी तुम्हाला-मला लागू आहे: दर आठवड्याच्या बैठकीला हजेरी, आणि निकालानंतरही वर्षभर थांबणं. त्याला हे मान्य असेल, तर बिनधास्त द्या. थियातने करून दाखवलंय. नसेल, तर तो गाईल आणि टेबल आपण लावू.

अर्ज क्रमांक ६ च्या कोऱ्या प्रती बाहेर ठेवल्या आहेत. चहाला जाताना प्रत्येकाने दहा-दहा उचला.