मंडपावरचे नाव

जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या नर्सिंग शिक्षक भगिनी-बंधूंनो, स्वागत समितीच्या वतीने मिरजेत आपले मनापासून स्वागत.

स्वागताध्यक्षाने जेवणाची वेळ सांगावी आणि खाली बसावे, अशी अपेक्षा असते. जेवण एक वाजता आहे. पण प्रवेशद्वारावर ज्यांचे नाव वाचून तुमच्यातले काही थबकले, त्या कोफोवोरोला अबेनी प्रॅट यांच्याविषयी सांगितल्याशिवाय मला बसता येणार नाही. मंडपाला नायजेरियातल्या बाईंचे नाव कशाला, असे समितीतही विचारले गेले. रास्त प्रश्न होता.

लेगॉसची ही मुलगी. तिला नर्स व्हायचे होते, पण वडिलांनी नको म्हटले. वसाहतीच्या काळात त्या पेशात वरच्या जागा गोऱ्या बायकांच्या. आपल्या मुलीच्या वाट्याला काय येणार, हे ते ओळखून होते. मग तिने इबादानला शिक्षिकेचे शिक्षण घेतले आणि लेगॉसच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत काही वर्षे शिकवले. खडू आधी हातात आला, थर्मामीटर नंतर. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ इथे आहे.

पती वैद्यकाच्या शिक्षणासाठी इंग्लंडला होते. 1946 मध्ये त्याही तिकडे गेल्या आणि लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळातल्या नाइटिंगेल स्कूलमध्ये दाखल झाल्या. 1948 मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. त्या सेवेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. एका रुग्णाने, काळ्या नर्सच्या हातून शुश्रूषा नको, असे तोंडावर सांगितले होते. वॉर्डात उभे राहणाऱ्यांना हा अनुभव अगदीच परका वाटणार नाही. आपल्याकडे रंगाऐवजी जात विचारतात, एवढाच फरक.

1954 मध्ये त्या मायदेशी परतल्या, त्या इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर म्हणून. तोवर ही जागा बहुतेक इंग्रज बायकांनाच मिळे. पुढे त्याच हॉस्पिटलच्या त्या पहिल्या नायजेरियन मेट्रन झाल्या आणि साठच्या दशकाच्या मध्यावर देशाच्या मुख्य परिचर्या अधिकारी. खुर्च्या बदलल्या हे मोठे नाही. खुर्च्या अनेकांच्या बदलतात. 1965 मध्ये इबादान विद्यापीठात नर्सिंगचा विभाग सुरू झाला. त्यामागे ज्यांनी जोर लावला, त्यांत प्रॅट पुढे होत्या. नर्स म्हणजे डॉक्टरच्या मागे ट्रे घेऊन चालणारी बाई, ही समजूत मोडायची तर तिच्या हातात विद्यापीठाची पदवी हवी आणि तिला शिकवणारीही नर्सच हवी, हा त्यामागचा हिशेब. देशातल्या प्रशिक्षित परिचारिकांची संघटना बांधण्यात त्या होत्या, परिचारिकांच्या नियतकालिकाच्या संपादनातही होत्या.

1973 मध्ये त्यांना फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक मिळाले. त्याच सुमारास त्या लेगॉस राज्याच्या आरोग्य खात्याच्या कमिशनर झाल्या, म्हणजे आपल्या भाषेत मंत्री. 1992 मध्ये त्या गेल्या. आज नायजेरियात शिकलेल्या कितीतरी सिस्टर लंडनच्या वॉर्डांत आहेत, आपल्याही आहेत. यात अभिमान किती मानायचा आणि काळजी किती करायची, यावर दुपारच्या सत्रात खुशाल भांडा.

मी सर्जन आहे. आयुष्यभर तुमच्या विद्यार्थिनींच्या भरवशावर निर्धास्तपणे घरी जाऊन झोपलो. तरी नर्सिंगमध्ये काय शिकवावे हे ठरवायला बसलो की आम्ही डॉक्टर मंडळीच जास्त बोलतो, असे मी पाहिले आहे. तेव्हा उद्याच्या खुल्या अधिवेशनात एक ठराव नक्की आणा: नर्सिंगचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि कॉलेजांची तपासणी यांत शेवटचा शब्द नर्सिंगच्या शिक्षकांचा असावा. अनुमोदक म्हणून डॉक्टर हवा असेल, तर माझे नाव आत्ताच लिहून घ्या. ठरावाचा मसुदा आज संध्याकाळच्या चहापर्यंत स्वागत कक्षात द्यावा, ही विनंती.