वरळीच्या चाळी आणि त्यांतील मंडळें



मुंबई शहर कोणीं घडविलें असा प्रश्न शाळेंतील मुलास विचारला, तर तो दोन-चार गव्हर्नरांचीं आणि पांच-सहा शेटजींचीं नांवें सांगून मोकळा होतो. त्यांत मुलाचा दोष नाहीं. पुस्तकांत तेवढींच नांवें छापलेलीं असतात. आज मी आपल्यापुढें ज्या माणसांविषयीं बोलणार आहें, त्यांचीं नांवें जिन्याखालच्या काळ्या फळ्यावर खडूनें लिहिलीं जात आणि पुढच्या सूचनेला जागा हवी म्हणून पुसलींही जात. वरळीच्या बी. डी. डी. चाळींत जवळजवळ शंभर वर्षें जो सार्वजनिक संसार चालला, तो या फळ्यावरील माणसांनीं चालविला. त्या चाळी आतां पाडल्या जात आहेत, म्हणून हा विषय आजच काढणें मला अगत्याचें वाटलें.

प्रथम चाळी उभ्या कशा राहिल्या तें थोडक्यांत सांगतों. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईंत घरांची टंचाई इतकी वाढली कीं, १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नांवाचें एक स्वतंत्र खातेंच काढलें. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा लोकांनीं ‘बीडीडी’ असा एक शब्द करून टाकला. त्याचा मूळ अर्थ तेथें जन्मलेल्या पुष्कळांना ठाऊकही नसतो. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता आणि त्याच्या खर्चासाठीं शहरांत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गांठीवर एक रुपया कर बसविला होता. प्रत्यक्षांत चार ठिकाणीं मिळून २०७ चाळी झाल्या : वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीस १२. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळींत ऐंशी. आणि खोली सुमारें १६० चौरस फुटांची. गिरगांवांतल्या चाळीला जशी उघडी गॅलरी असते तशी येथें नाहीं. मधोमध एक अंधारी वाट, दोहों बाजूंना समोरासमोर दारें, आणि संडास सामाईक.

या सिमेंटच्या इमारतींकडे लोकांनीं आरंभीं पाठच फिरविली. वरळी तेव्हां आडबाजूस होती, आणि भाडें मजुराला जड जाई. पुष्कळशा खोल्या कित्येक वर्षें रिकाम्या राहिल्या. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळींत सत्याग्रहींना तुरुंग पुरेनात, तेव्हां सरकारनें वरळीच्या कांहीं चाळींचाच तात्पुरता तुरुंग केला. मजुरासाठीं बांधलेलें घर कांहीं फेरफार न करतां तुरुंग म्हणून चालून जातें, यांतच त्या नकाशावर पुरेशी टीका झाली असें मला वाटतें.

पुढें चाळी भरल्या, आणि चांगल्या दाटून भरल्या. कोंकणांतून आणि घाटावरून गिरणीकामगार आले, महापालिकेचे कामगार आले, कित्येक खोल्यांत पोलीस शिपायांचीं कुटुंबें आलीं. एका खोलींत एकच कुटुंब राही असेंही नाहीं. कांहीं खोल्या गांवकीच्या असत. एकाच गांवचे दहा-पंधरा पुरुष तेथें वळकट्या ठेवीत. दिवसपाळीचा मनुष्य उठून गेला कीं रातपाळीचा त्याच जागीं पथारी पसरी. दारापुढची ती अंधारी वाट मग झोपण्याची, अभ्यासाची, पत्ते कुटण्याची आणि सभेचीही जागा झाली. नकाशा करणाऱ्यानें जी केवळ जाण्यायेण्यासाठीं ठेविली होती, तिचा लोकांनीं दिवाणखाना केला.

या कामगार वस्तीला संस्थाजीवनाचे पहिले धडे देणाऱ्यांत ना. म. जोशी यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. जोशी भारत सेवक समाजाचे सभासद. परंतु त्यापूर्वीं कांहीं वर्षें ते शाळामास्तर होते, आणि हें सांगतांना मला आमच्या धंद्याचा थोडा अभिमान वाटतो, त्याची क्षमा असावी. १९११ सालीं त्यांनीं सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. लीगनें गिरणगांवांत रात्रशाळा चालविल्या, वाचनालयें काढलीं, ग्रंथांच्या पेट्या चाळींतून फिरविल्या. डिलाइल रोडला आज जोशींचेंच नांव आहे. परळच्या दामोदर हॉलमध्यें ९ मार्च १९२४ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं सभा बोलाविली, आणि त्या विचारविनिमयांतून त्याच वर्षीं बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. सरकार या कामांत उशिरा उतरलें. १९३९ मध्यें त्यानें कामगार कल्याणाचीं केंद्रें काढलीं, व १९५३ च्या कायद्यानें तें काम एका मंडळाकडे सोंपविलें. शिवणवर्ग, व्यायामशाळा, नाटकांच्या स्पर्धा हें सारें त्यांतून आलें.

परंतु वरून आलेल्या संस्थांपेक्षां चाळीच्या पोटांतून निघालेल्या मंडळांचें मला अधिक कौतुक वाटतें. गणेशोत्सव, गोविंदा, कबड्डीचा संघ, भजनी मंडळ, आंबेडकर जयंतीची समिति, अशा निमित्तानें तीं निघालीं; पण निमित्त वर्षांतून दहा दिवसांचें आणि काम बारा महिन्यांचें. मंडळाजवळ एक लोखंडी कपाट असे. त्यांत सतरंज्या, मोठे टोप, पंक्तीचीं ताटें, एखादा कर्णा आणि हिशेबाच्या वह्या. चाळींत लग्न निघालें कीं टोप बाहेर निघत. मयत झालें तर बांबू आणि मडकें आणावयास घरच्या माणसांना उठावें लागत नसे. मंडळाचे दोघे-तिघे न सांगतां निघालेले असत, आणि त्या रात्रीं शेजारच्या खोल्यांतून पिठलें-भात येई. ही व्यवस्था कोणत्याही घटनापत्रकांत लिहिलेली नव्हती.

मंडळांतला खरा कर्ता पुरुष अध्यक्ष नव्हे, खजिनदार. अध्यक्षाच्या गळ्यांत हार पडत; खजिनदार पगाराच्या दिवशीं वही घेऊन ऐंशी दारें ठोठावी. उत्सव संपला कीं जमाखर्च जिन्यापाशीं लावावा लागे, आणि तो वाचणारे डोळे गिरणींत सूत तपासून तयार झालेले असत. नारळांचा भाव दोन आणे अधिक लागलेला दिसला तर भर सभेंत जाब विचारला जाई. ज्या मनुष्याला मुकादमापुढें बोलण्याची चोरी, तो येथें अध्यक्षाला उभें करून हिशेब मागे. लोकशाहीवर मीं वर्गांत पुष्कळ धडे शिकविले, पण तिचा हा प्रयोग त्या फळ्यापाशींच पाहावयास मिळे.

गिरणगांवांतील एका रात्रशाळेंत मीं बरींच वर्षें काढलीं. तेथें येणारीं मुलें दिवसां कामाला जात आणि दहा वाजतां शाळा सुटल्यावर अभ्यासाला बसत. खोलींत सात माणसें निजलेलीं, बसावयाचें कोठें? कांहीं मंडळांनीं कॅरमचें टेबल बाजूस सारून आपलें कार्यालय परीक्षेपुरतें मुलांना मोकळें करून दिलें होतें. त्या महिन्यांत तेथें पत्ते बंद, मोठ्यानें बोलणें बंद. हा नियम मोडणाऱ्या थोरांनाही पोरें दरडावीत, आणि थोर मुकाट्यानें उठत. अशा अभ्यासिकेंतून शिक्षक, कारकून, परिचारिका, वकील झालेलीं मुलें मला ठाऊक आहेत.

याच चाळींतून दुसरें एक जाळें बाहेरगांवीं पसरलें होतें. प्रत्येक गांवच्या मुंबईकरांचें ग्रामस्थ मंडळ असे. महिन्याच्या ठराविक रविवारीं बैठक, दर माणशीं वर्गणी. त्या पैशानें गांवचें देऊळ सावरे, शाळेला खोली मिळे, विहिरीला कठडा बांधला जाई. शहरानें खेड्याला काय दिलें याचा हिशेब करणारे पंडित मनीऑर्डरी मोजतात. या मंडळांच्या वह्या कोणी मोजल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

स्त्रियांचीं नांवें फळ्यावर क्वचितच येत, आणि ही त्या मंडळांची मोठी उणीव होती. वास्तविक एकट्या राहणाऱ्या हजारों कामगारांना जेवूं घालीत त्या खानावळवाल्या बायकाच. पहाटे उठून वीस-पंचवीस माणसांचें रांधावयाचें, पैसे महिन्याअखेर मिळावयाचे, तोंवर किराणा उधारीचा, आणि सावकाराचें व्याज कंबर मोडणारें. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचें कर्ज मिळवून दिलें. तारण ठेवण्यास त्यांच्यापाशीं कांहीं नव्हतें. एकीसाठीं दुसरी जामीन राहिली. गिरणगांवांतील सार्वजनिक कार्याचा इतिहास लिहितांना या उद्योगाला मी पुष्कळ वरचें स्थान देईन.

आतां एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. चाळीच्या एकोप्याचे गोडवे गाणाऱ्यांना १९७४ सालाचा सोयीस्कर विसर पडतो. वरळीस दलितांची वस्ती मोठी. १९५६ च्या धर्मांतरानंतर येथें बुद्धविहार उभे राहिले, धम्माची शिकवण देणारे वर्ग निघाले. १९७२ मध्यें मुंबईंत दलित पँथर स्थापन झाली, तिलाही या चाळींतून तरुण मिळाले. ५ जानेवारी १९७४ रोजीं, लोकसभेच्या पोटनिवडणुकीच्या धामधुमींत, येथील आंबेडकर मैदानावर पँथरची सभा झाली. राजा ढाले आणि नामदेव ढसाळ तिचे वक्ते. सभेवर दगड पडले, लाठ्या चालल्या, आणि दंगल चाळीचाळींत शिरली. १० जानेवारीच्या मोर्च्यांत परळला भागवत जाधव हा तरुण वरून टाकलेल्या दगडानें ठार झाला. पुढें कित्येक आठवडे या चाळी धुमसत राहिल्या, आणि चौकशीसाठीं सरकारला न्यायमूर्ति भस्मे यांचा आयोग नेमावा लागला.

हें का घडलें? एक कारण मला या मंडळांच्या रचनेंतच दिसतें. चाळी जरी एका नकाशाच्या, तरी खोल्या भरल्या त्या ओळखीपाळखीनें, म्हणजे जातीनें आणि गांवानें. मंडळ निघालें तें चाळीचें. म्हणून आपल्या माणसांच्या मयताला धांवणारें तेंच मंडळ दंगलींत आपल्या माणसांसाठीं दगडही गोळा करूं शकलें. दोन्हीं गोष्टी त्याच आपुलकीच्या पोटीं आल्या. तरीही त्या दिवसांत समोरच्या चाळींतलें मूल आपल्या खोलींत लपवून ठेवणारीं माणसें होतीं, असें तेथील जुनीं माणसें सांगतात.

१८ जानेवारी १९८२ पासून गिरणी संप झाला. त्यावर इतकें लिहिलें गेलें आहे कीं मी येथें एवढेंच म्हणतों : पगाराचा दिवस गेला आणि खजिनदाराची वही त्याबरोबर आटली. मंडपाचा खर्च पुढें बाहेरच्या देणगीदारांकडून येऊं लागला, आणि देणगीदाराला कोणी हिशेब विचारीत नाहीं.

नव्या योजनेंत म्हाडाकडून प्रत्येक कुटुंबाला ५०० चौरस फुटांचें घर मालकी हक्कानें मिळावयाचें आहे. तिचें भूमिपूजन २०१७ च्या एप्रिलांत झालें आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजीं वरळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या दिल्या गेल्या. इमारती चाळीस मजल्यांच्या आहेत. सामाईक संडासापुढें तीन पिढ्या उभ्या राहिल्या. आतां घरांत स्वतःचें न्हाणीघर आलें, याचा आनंद ज्याला होत नाहीं त्यानें महिनाभर चाळींत राहून पाहावें. चाळीच्या आठवणींनीं गहिवरणारे बहुतेक लोक ती सोडून गेलेले असतात. मला काळजी आहे ती लोखंडी कपाटाची. घराला जागा मिळाली, मंडळाला कोठें? सहकारी गृहसंस्थेची समिति पाण्याचा पंप आणि उद्वाहन चालवील. रात्रीं दोन वाजतां मयताला कोण निघेल, आणि परीक्षेच्या महिन्यांत मुलांना खोली कोण मोकळी करून देईल, हें तिच्या पोटनियमांत नसतें. प्रत्येक इमारतींतील सभासदांनीं पहिल्याच सर्वसाधारण सभेंत एक खोली या कामासाठीं राखून ठेवण्याचा ठराव मांडावा, आणि तींत साऱ्या मजल्यांचे, साऱ्या जातींचे लोक आणि स्त्रियाही समितींत घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे.

आणखी एक विनंति. घर हलवितांना मंडळांच्या जुन्या वह्या रद्दींत घालूं नयेत. जवळच्या एखाद्या ग्रंथालयाकडे त्या द्याव्यात. १९७४ च्या जानेवारी महिन्यांत कोणत्या खजिनदारानें कोणत्या दारांवर वर्गणी मागितली आणि कोणतीं दारें गाळलीं, तें मला त्या पानांवर पाहावयाचें आहे.