दाराआडची माणसे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृह व वधूवरसूचक समिती यांचा वृत्तांत आपण आताच ऐकला. ज्यांचे नाव यांपैकी कोणत्याच यादीत नसते, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी मी वधूवरसूचक समितीचे काम पाहत असता एक गृहस्थ मजकडे आले. कन्येचे स्थळ ठरत आले होते. परंतु तिच्या थोरल्या भावास छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा विकार होता. ‘हे सांगावे काय?’ असे त्यांनी विचारले. ‘लग्न होईपर्यंत त्याला गावी ठेवा,’ असे मी म्हणालो. लग्न पार पडले. मुलगा मात्र गावीच राहिला. तेथे औषधे सुटली आणि आजार बळावला. या दोषाचा वाटा माझा आहे, हे मी आपणांसमक्ष कबूल करतो.

हा विकार पापाचे फळ नव्हे. पण आपण त्यास लपवितो, बांधून ठेवितो. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांमुळे पळता न येऊन २८ मनोरुग्णांचा अंत झाला. २०१६ च्या कायद्याने मानसिक आजाराचा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत समावेश केला. २०१७ च्या कायद्याने रुग्णास साखळीने बांधणे निषिद्ध ठरविले. तथापि कायदा साखळी तोडील. घराचे दार आपणच उघडले पाहिजे.

औषध डॉक्टर देतील, सोबत कोण देणार? कॅनडात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात १९९७ साली ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ स्थापन झाली. तेथे रुग्णांचे नातलग एकत्र बसून परस्परांस धीर देतात. रुग्णांस दिवसभर काही उद्योग मिळतो. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.

माझ्या सूचना दोनच. मंडळाच्या कार्यालयातील एक खोली दर रविवारी अशा कुटुंबांना द्यावी; आणि वधूवरसूचक समितीने कोणासही आजार लपविण्याचा सल्ला देऊ नये.

त्या मुलाचे वडील आता हयात नाहीत. पहिल्या रविवारी त्याला मी स्वतः घेऊन येईन. आपण त्याला शेजारी बसवून घ्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.