अमेरिकेतून कासेगावात

आमच्या श्रीगोंद्यातही आता कट्ट्यावर एकच विषय, व्हिसा लागला का? आज उलट्या दिशेने आलेल्या बाईंबद्दल बोलू.

गेल ऑम्व्हेट. जन्म १९४१, मिनियापोलिस. बर्कलीतून पीएचडी, विषय सत्यशोधक-ब्राह्मणेतर चळवळ. १९७६ ला डॉ. भारत पाटणकरांशी लग्न, आणि मुक्काम? पुण्या-मुंबईत नाही, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात. सासूबाई इंदूताई स्वातंत्र्यसैनिक, पुढे परित्यक्ता बायकांसाठी लढलेल्या. म्हणजे सासूही साधीसुधी नव्हे!

१९८३ ला गेलताईंनी भारतीय नागरिकत्व घेतलं. आता बघा, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नाही. ज्या पासपोर्टसाठी आपली पोरं वर्षानुवर्षं रांगेत थांबतात, तो गेला. मग 'परदेशी पाहुणी' कसं म्हणणार?

ऑगस्ट २०२१ मध्ये त्या वारल्या, कासेगावातच. त्यांचा तो प्रबंध मराठीतही आलाय. मिळाला तर वाचा.