पूर्वरंग कापू नका



या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. माझ्याहून योग्य माणसे होती वगैरे म्हणण्याची रीत आहे. ती म्हटली असे समजा. पिंपळे सौदागरच्या मंडळींनी केलेली व्यवस्था उत्तम आहे. या सभागृहात पंखे आवाज करत नाहीत, हे पाहून कीर्तनकार म्हणून माझा जीव भांड्यात पडला.

अध्यक्षाने मराठी ख्रिस्ती साहित्याचा आढावा घ्यावा, असा संकेत आहे. तो थोडक्यात उरकतो. 1616 साली गोव्यात राशोलला फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. 1842 साली अहमदनगराहून ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबल त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली पूर्ण छापले गेले. नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि 1938 साली ते प्रसिद्ध झाले, तेव्हा दोघेही हयात नव्हते. 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर दिब्रिटो बसले. हे सारे आपल्याला पाठ आहे. उरलेला आढावा छापील प्रतीत आहे, घरी नेऊन वाचा. मला आज दुसरेच बोलायचे आहे, आणि ते बोलायला हे व्यासपीठ पुन्हा मिळेल याची खात्री नाही.

तुमच्यातल्या तरुणांना कदाचित माहीत नसेल, कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. आपल्याकडे अहमदनगरच्या मिशनने एकोणिसाव्या शतकातच हा साचा उचलला. टिळकांनीही कीर्तने रचली. मी दिवसा कारखान्याच्या टूलरूममध्ये डाय घासल्या आणि रात्री पिंपरी, काळेवाडी, आकुर्डीच्या वस्त्यांमधून पेटी-तबल्यावर कीर्तने केली. नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला की सुटीच्या अर्जावरून सुपरवायझरशी माझे भांडण ठरलेले. तेव्हा पूर्वरंगात यशया, मीखा, यिर्मया हे संदेष्टे, आणि उत्तररंगात बेथलेहेम, असा माझा शिरस्ता होता. श्रोते बसत. लेकरे मांडीवर झोपून जात, पण बायामाणसे उठत नसत.

गेली कित्येक वर्षे मात्र निमंत्रण येते ते एका अटीसह. ‘पूर्वरंग कापा. थेट देवदूतापासून घ्या. वीस मिनिटांत आटपा, नंतर सांताक्लॉज आहे, केक आहे.’ इथल्याच एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मला सांगण्यात आले की, ते यशया वगैरे जरा जड होते, त्याऐवजी मेंढपाळांना एक नाच द्या. सांताक्लॉजवर माझा राग नाही. म्हातारा आहे, दाढी आहे, आमच्याच वयाचा वाटतो. माझा राग कात्री चालवणाऱ्यांवर आहे. त्यात आपले लेखकही आले. गेल्या काही वर्षांतल्या नाताळ-नाटिका चाळून पाहा. पडदा उघडतो तो थेट मरीयेच्या घरात. कोणी वाट पाहत नव्हते, कोणाला कसले वचन मिळाले नव्हते, आणि बाळ जन्मले! मग जगात रोजच बाळे जन्मतात. या एकासाठी आपण दिवे का लावायचे, हे त्या नाटिकेतल्या पोराला कोण सांगणार?

आता आपल्या आधीच्यांनी काय केले ते पाहा. ख्रिस्तपुराणाची पहिल्या पुराणाला 36 आणि दुसऱ्याला 59 अवस्वर अशी मांडणी आहे. म्हणजे ज्याच्या चरित्रासाठी ग्रंथ मांडला, त्याच्यापर्यंत पोचायला स्टीफन्सने 36 अध्याय खर्चले. हा विलायतेतला माणूस 1579 साली गोव्यात उतरतो, इथल्या लोकांची ओवी शिकतो, आणि त्याला कळते की ही माणसे आख्यान ऐकायला आधी ठाण मांडून बसतात. आणि अम्माऊसच्या वाटेवर दोन खचलेल्या शिष्यांबरोबर चालताना उठलेल्या प्रभूने काय केले? मोशेपासून आणि सगळ्या संदेष्ट्यांपासून सुरुवात केली. त्याला कुणी वीस मिनिटांची अट घातली नव्हती.

सकाळच्या परिसंवादात याच संदेष्ट्यांच्या भाकितांवरून जे रणकंदन झाले, ते मी मागच्या खुर्चीवरून ऐकले. एका बाजूचे म्हणणे, भाकिते म्हणजे गणिती पुरावा. इतकी जुळतात, आणखी काय हवे? दुसऱ्या बाजूचे म्हणणे, यशयाच्या सातव्या अध्यायातली इम्मानुएलची खूण आहाज राजासाठी होती, इ.स.पू. 735 च्या सुमाराची, अराम आणि एफ्राईम यहूदावर चालून आले तेव्हाची. मत्तयाने ती ओढूनताणून येशूला चिकटवली.

पहिल्या बाजूला मी हेरोदाचा दरबार दाखवतो. मागी लोक विचारत आले, राजा कुठे जन्मला? शास्त्र्यांनी क्षणात मीखा काढला : बेथलेहेम. उत्तर अचूक. बेथलेहेम यरुशलेमपासून जेमतेम नऊ किलोमीटर. इथून आकुर्डीला जावे, साधारण तेवढेच. एकही शास्त्री गेला नाही. गेले ते परके, तारे बघणारे. पुराव्याने माणूस हलतो असे म्हणणाऱ्यांनी मत्तयाचा दुसरा अध्याय पुन्हा वाचावा.

दुसऱ्या बाजूला माझ्याकडे ग्रंथ नाही, काळेवाडी आहे. एका कंपनीचे गेट महिनोन्‌महिने बंद होते. चाळीच्या बोळात कीर्तन लावले होते. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी दुकानदाराने उधारी थांबवलेली. मी यशयाचा नववा अध्याय घेतला. त्यात बाळाच्या जन्माच्या अगदी आधी काय येते, आठवते का? सैनिकांचे तुडवणारे जोडे आणि रक्तात भिजलेले कपडे जळणासाठी आगीत जातात. आणि उजेड पडतो तो कुठे? जबुलून आणि नफताली, गालील. अश्शूरच्या फौजेने जो मुलूख आधी तुडवला, उजेड आधी त्यालाच. मी हे रंगवून सांगत होतो, तेवढ्यात एका वेल्डरने मध्येच विचारले, ‘मग हे झालं किती वर्षांनी?’ मी म्हटले, सातशेच्या वर. बोळात हशा पिकला. खोटा नव्हता तो हशा, कडू होता. पेटीवाल्याने हात काढून घेतला. तेव्हा भाजीची पाटी घेऊन फिरणारी एक मावशी, जालन्याकडची, भिंतीला टेकूनच बोलली : ‘सातशे वरसं कुनी ना कुनी सांगत राह्यलं म्हनूनच आपल्यापोत आलं ना? आहाजाला दिलं आन्‌ तो मेला, तर टाकून द्याचं व्हतं का?’

विद्वान मित्रहो, याहून चांगले भाष्य मी वाचलेले नाही. खूण आहाजाच्या दिवसांतलीच होती, कबूल. पण आहाज गेला, यरुशलेम पडले, लोक बाबेलला नेले गेले, परत आले, ग्रीक आले, रोमी आले, आणि तरीही कुणीतरी ती गुंडाळी जपून नकलून ठेवली, कारण गरज संपली नव्हती. इम्मानुएल, देव आमच्याबरोबर, याची निकड एका राजाच्या कारकिर्दीपुरती नसते. म्हणून शिमोन मंदिरात वाट पाहतो, 84 वर्षांची विधवा हन्ना उपास करत बसते. लूकने बाळ कुणा राजाच्या नव्हे, या दोन म्हाताऱ्यांच्या पुढे आणले. मशीहाचा जन्म म्हणजे दिलेला शब्द पाळणारा देव, आणि तोही तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको यांना वंशावळीत उघडपणे मिरवत आलेला. मत्तयाने सुवार्तेचा आरंभच त्या वंशावळीने केला. आपले वाचक तेवढे पान उलटून पुढे जातात!

आता मीखाकडे येतो, कारण आपण पिंपळे सौदागरला बसलो आहोत. बेथलेहेमचे नाव घेणारा हा संदेष्टा मोरेशेथ या खेड्याचा. रात्री अंथरुणात बेत आखून सकाळी दुसऱ्याची शेते आणि घरे बळकावणाऱ्यांवर त्याने आधी आसूड ओढला. सियोन शेतासारखे नांगरले जाईल, अशी तंबी दिली. मग कुठे तो त्या लहानशा गावाकडे वळतो. इथे उलटे झाले, नांगर गेले आणि पवनेकाठी बारा-बारा मजले उभे राहिले. कोकणे चौकातून येताना रिक्षावाला मला म्हणाला, इथे आमची बाजरी होती. मीखाचे पहिले अध्याय गाळून फक्त बेथलेहेमची ओळ ख्रिसमस कार्डावर छापणाऱ्याने या रिक्षावाल्याला काय सांगायचे? पूर्वरंग कापला की हाच माणूस कापला जातो. नाताळ उरतो तो क्लबहाऊसपुरता.

आणखी एक. आमच्या टूलरूममध्ये एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, दोस्त होता, पुण्याच्या रास्ता पेठेतला. त्यांच्यातही मराठी कीर्तनाची चाल होती, 1880 च्या सुमारापासूनची. तो एकदा माझ्या कीर्तनाला आला. पूर्वरंगभर डोलला. उत्तररंग सुरू होताच हात बांधून बसला. शेवटी जवळ येऊन म्हणाला, ‘पूर्वरंग आमचा, उत्तररंग तुझा. पण पूर्वरंग झ्याक म्हणतोस.’ जुन्या वादपत्रिकांत आपल्याच लोकांनी ‘भाकिते पूर्ण झाली, तुम्हाला का दिसत नाही’ म्हणून त्याच्या लोकांना किती झोडपले आहे! त्या दिवसापासून यशयाचे पान उघडताना तो समोर बसला आहे असे धरूनच मी बोलतो. आपण उसनवारीने गातो आहोत, याची जाण ठेवली तर आवाज आपोआप खाली येतो. तो पुढे इस्राएलला गेला. पत्रे काही दिवस आली, मग थांबली. त्याचे मशीहाची वाट पाहणे अजून संपलेले नाही, आणि खरे म्हणजे आपलेही नाही. आगमनकाळात आपण जन्माचीच नव्हे, पुन्हा येण्याचीही वाट पाहतो. पण हे सांगायला पाळकांना आता चार रविवार पुरत नाहीत, कारण त्यातले तीन रविवार कॅरल-राउंडच्या तयारीत जातात.

संकल्प जाहीर करावेत, असे स्वागताध्यक्षांनी चिठ्ठीवर लिहून दिले आहे. अहमदनगर, जालना भागात जुन्या कीर्तनकारांच्या वह्या घरोघरी ट्रंकांमध्ये पडून आहेत. त्या गोळा व्हाव्यात. छापाव्यात. पैसा कुठून, ते कार्यकारिणीने बघावे. दोन-चार पोरापोरींनी पेटी धरून माझ्याकडे यावे. शिकवणीचे काय, कुठे, केव्हा, ते नंतर ठरवू. नाटिकांची एक स्पर्धा घ्यावी, तिला एकच नियम असावा : संदेष्टा रंगमंचावर आला पाहिजे, आणि त्याला दाढी चिकटवून दोन वाक्यांत हाकलून देता कामा नये.

रात्री जेवणानंतर साडेआठला याच सभागृहात कीर्तन आहे. दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणून वेळेवर सुरू करणार. पूर्वरंग पाऊण तासाचा आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी सव्वानऊला यावे, पण तेव्हा पुढच्या खुर्च्या मिळणार नाहीत.