यंत्राची हिशेबवही

परभणी जिल्ह्यांतील शेतकरी सोयाबीन वा कापूस घेऊन बाजार-समितीच्या आवारांत येतो, तेव्हां मालाचें वजन होतें, भाव पुकारला जातो, आणि थोड्या वेळानें त्याच्या हातांत हिशेबाची पट्टी पडते. पूर्वीं ही पट्टी मुनीम शाईनें लिहीत असे. आतां ती बहुधा यंत्रांतून छापून येते. मुनिमाची पट्टी चुकली तर शेतकरी त्याच्याशीं हुज्जत घालीत असे. यंत्राची पट्टी चुकली, तर “संगणकांतच तसें आहे” एवढेंच उत्तर कानीं पडण्याचा संभव असतो. या उत्तरापुढें शहाणासुरता मनुष्यहि गप्प बसतो. तें उत्तर कितपत खरें, हें ठरविण्यासाठीं संगणकाच्या पोटांत काय चालतें तें एकदां पाहिलें पाहिजे.

मुनिमाच्या बैठकीवरूनच आरंभ करावा. तोलणारा वजन पुकारतो. तें मुनिमाच्या कानांवर पडतें. मुनीम तें वहींत टिपतो. मग मनांतल्या मनांत गुणाकार व वजाबाकी करतो. कोणतें काम आधीं आणि कोणतें मागून, याचा क्रम त्याला मुखोद्गत असतो. शेवटीं तो पट्टी लिहून देतो. ऐकणें, टिपून ठेवणें, गणित करणें, क्रम राखणें व उत्तर देणें अशीं हीं पांच कामें झालीं. संगणकाचेहि हेच पांच भाग आहेत: आंत घेणारा, सांठविणारा, गणित करणारा, हुकूम सोडणारा आणि बाहेर देणारा. पहिल्यास आदान, दुसऱ्यास स्मृति, तिसऱ्यास गणनविभाग, चौथ्यास नियंत्रक व पांचव्यास प्रदान अशीं नांवें देतां येतील. गणनविभाग व नियंत्रक आज एकाच चिपवर नांदतात. त्या जोडीला प्रोसेसर म्हणतात.

ही मांडणी जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाच्या १९४५ सालच्या जून महिन्यांतील एका टिपणांत स्पष्टपणें आढळते. तिचें खरें मर्म असें कीं, ज्या स्मृतींत आंकडे ठेवावयाचे, त्याच स्मृतींत हुकूमहि ठेवावे. त्याच काळांत अमेरिकेंत उभारल्या जात असलेल्या एनियाक यंत्राचें काम बदलावयाचें, तर तारा उपटून पुन्हां जोडाव्या लागत. हुकूम स्मृतींत जाऊन बसले, तेव्हां तारेला हात न लावतां केवळ लिखाण बदलून यंत्राचें काम बदलूं लागलें.

महाराष्ट्रांत या कल्पनेला मूर्त रूप आलें तें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत. आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तेथील मंडळींनीं प्रथम एक लहान नमुना-यंत्र सिद्ध केलें, आणि १९६० सालीं पूर्ण यंत्र कामाला लागलें. १९६२ सालीं पंडित जवाहरलाल नेहरूंनीं त्याला ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. स्मृतींत २,०४८ घरें होतीं व प्रत्येक घरांत ४० खुणा मावत. म्हणजे सगळ्या मिळून ८१,९२० खुणा. प्रत्येक खूण म्हणजे एक इवलेंसें चुंबकी कडें. तें एका दिशेनें चुंबकित झालें तर एक, उलट दिशेनें झालें तर शून्य. अशा लेखनांत बारा हा आंकडा आठ अधिक चार, म्हणजे ‘११००’ असा होतो. आज खेड्यांतील मुलाच्या हातीं असणाऱ्या फोनची स्मृति याच्या लाखों पटींनीं मोठी असते. परंतु घरें, घरांचे क्रमांक आणि त्यांतील शून्य-एकाच्या खुणा ही रचना तीच आहे.

आतां पट्टीचें उदाहरण घ्यावें. माल १२ क्विंटल, भाव क्विंटलला ४,००० रुपये, हमाली-तोलाई ३०० रुपये असें समजूं. हे तीन आंकडे स्मृतीच्या ११, १२ व १३ या घरांत ठेवले आणि १४ वें घर उत्तरासाठीं रिकामें सोडलें. पहिल्या पांच घरांत पांच हुकूम लिहिले: घर ११ मधील आंकडा हातीं घे, त्याला घर १२ मधील आंकड्यानें गुण, त्यांतून घर १३ मधील आंकडा वजा कर, उरेल तें घर १४ मध्यें लिही, तें छापून थांब. नियंत्रकापाशीं एक छोटा गणक असतो. पुढचा हुकूम कितव्या घरांत आहे, एवढेंच तो सांगतो. नियंत्रक त्या घरांतील हुकूम आणतो, त्याचा अर्थ लावतो, तो बजावून घेतो, आणि गणक एकानें पुढें सरकतो. पांच हुकूम संपतात तेव्हां कागदावर ४७,७०० उमटतात.

गंगाखेडच्या जनाबाईच्या जात्याची आठवण येथें सहज होते. जात्याला सबंध पोतें एकदम देतां येत नाहीं. मूठ मूठ वैरण घालावी लागते. संगणकाचेंहि तसेंच आहे. आजच्या प्रोसेसरांत असलीं चार-आठ जातीं शेजारीं शेजारीं मांडलेलीं असतात, पण प्रत्येकाची रीत हीच. मात्र त्यांचे फेरे सेकंदाला अब्जावधि होतात, म्हणून पाहणाऱ्याला पोतें क्षणांत रिकामें झाल्यासारखें वाटतें.

स्मृतीलाहि थर असतात. मुनीम चालू आंकडा जिभेवर ठेवतो, आजची रोजकीर्द मांडीवर, आणि जुन्या वह्या कपाटांत. जिभेवरचा आंकडा तत्काळ मिळतो, पण तेथें जागा थोडी. कपाटांत जागा पुष्कळ, पण उठून जावें लागतें. यंत्रांतहि हे तिन्ही थर आहेत. वीज गेली कीं मांडीवरची वही कोरी होते, कपाटांतील तेवढी राहते. काम वेळच्या वेळीं कपाटांत न ठेवणाऱ्याचें लिखाण बुडतें, तें यामुळेंच.

आतां समजा, आंकडे भरणाऱ्याच्या बोटानें एक शून्य गाळलें व घर १२ मध्यें ४,००० ऐवजीं ४०० पडले. यंत्र त्याच निष्ठेनें ४,५०० हें उत्तर छापील. मुनीम थबकला असता, कारण त्याला बाजार ठाऊक होता. यंत्राला सोयाबीन ठाऊक नाहीं आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या घामाचीहि जाणीव नाहीं. किंवा तिसऱ्या हुकुमांत ‘वजा कर’ याच्या जागीं ‘मिळव’ लिहिलें गेलें, तर ४८,३०० येतील, आणि ही चूक त्या दिवशींच्या प्रत्येक पट्टींत उतरेल. पहिली चूक आंकडा भरणाऱ्याची, दुसरी हुकूम लिहिणाऱ्याची. यंत्राचा एखादा भाग बिघडणें हेंहि संभवतें, पण तें क्वचित्. मुनिमाचें थबकणेंहि यंत्राला शिकवितां येतें: भाव अमक्याहून कमी असेल तर अमक्या घरावर जा व विचार. येथें गणक एकानें सरकण्याऐवजीं उडी घेतो. परंतु ही उडीहि कोणा तरी मनुष्यानें आधीं लिहून ठेवावी लागते.

फॉन नॉयमनचें टिपण लिहिलें गेलें, त्या वेळीं परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. संस्थानाची सरकारी भाषा उर्दू होती. ज्या मराठी कुणब्याला ती येत नसे, त्याला सरकारी कागद दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागे, आणि वाचणारा सांगेल तें मानावें लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं ती राजवट संपली. आज सात-बाराचा उतारा मराठींत हातीं येतो. पण त्याच्या मागची वही शून्य-एकाच्या लिपींत आहे. ती लिपि प्रत्येकाला वाचतां यावी अशी जरुरी नाहीं. दोन प्रश्न मात्र प्रत्येकाला विचारतां आले पाहिजेत: यंत्रांत कोणता आंकडा भरला? आणि कोणत्या हुकुमानें हिशेब केला? या दोन्ही प्रश्नांना उत्तरदायी मनुष्यच असतो. महाविद्यालयांत संगणकाचा पहिला धडा गिरविणाऱ्या मुलामुलींनीं सुटींत गांवीं जाऊन आईबापांना एवढें जरी समजावून सांगितलें, तरी “संगणकांतच तसें आहे” या उत्तरापुढें त्यांना मान खालीं घालून परतावें लागणार नाहीं.